आमच्याकडे वेलच म्हणतात

बाबा निवृत्त होऊन पुण्याहून पनवेलजवळ विचुंब्याला आमच्याकडे राहायला आले, तेव्हा आजूबाजूच्या निम्म्या इमारतींना अजून परांच्या बांधलेल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी जाहीर केलं की पनवेल म्हणजे पानवेल, इथे पूर्वी विड्याच्या पानांचे मळे असणार. पुरावा विचारला तर म्हणाले, "शब्दच सांगतोय की." जन्मभर शाळेत व्याकरण शिकवलेल्या माणसाशी वाद कोण घालणार?

घातला तो आमच्या मासेवालीने. ती खाडीकाठच्या गव्हाण गावची, एक दिवसाआड सोसायटीच्या फाटकापाशी पाटी घेऊन बसायची. बाबा मासे खात नसत, पण गप्पांसाठी माझ्याबरोबर खाली येत. ती बोंबील साफ करत होती आणि बाबांनी पानमळ्यांचा विषय काढला.

"आबा, खाऱ्या पान्यात पानं कशी होतील?" मान वर न करता ती म्हणाली. "ती पान्याची वेल हाय. भरतीची वेल झाली की गलबतं आत येत."

"म्हणजे वेळ," बाबा म्हणाले. "बाळातला ळ. मग गावाचं नाव पनवेळ झालं असतं."

"आमी वेलच म्हणतो. गाव आमचं, तर नाव तुमच्या बोलीत कसं असंल?"

वर जाताना बाबा जिन्यात दोनदा थांबून 'वेल, वेळ' असं पुटपुटले.

पुढच्या खेपेला तिने भरती कधी लागते ते सांगितलं, त्या दुपारी मी त्यांना रिक्षाने खाडीवर नेलं. सगळा चिखल, त्यात एक होडी कलंडलेली. बाबा वैतागून परत निघणार, एवढ्यात पाणी वर चढू लागलं. बघता बघता होडी सरळ झाली आणि तरंगली. बाबांनी घड्याळ पाहिलं, खिशातल्या वहीत काहीतरी लिहिलं. मला दाखवलं नाही.

सोसायटीच्या कार्यक्रमात त्यांनी अर्धा तास भाषण केलं: पनवेल म्हणजे पाण्याची वेळ, असं 'एका स्थानिक जाणकाराचं' मत आहे. मी ते मासेवालीला सांगितलं.

"मंग त्या जाणकाराला जेवाया बोलवा," ती म्हणाली.

रविवारी ती नवी साडी नेसून आली. पुरणपोळी वाढून झाली तरी बाबांचा हात थांबलेलाच. "बरं, तुमच्याकडच्या त्या चिरनेर गावाला हे नाव कसं पडलं असेल?" त्यांनी विचारलं.

"आबा," ती तूप ओढून घेत म्हणाली, "आधी जेवा."