लसूण सोलणाऱ्या बाई

प्रश्न विचारला की आमच्या शिकवणीच्या बाई लसूण सोलायला घ्यायच्या. सानपाड्याला आमच्याच सोसायटीत राहायच्या, मूळच्या साताऱ्याकडच्या. पोरांनी नाव ठेवलं होतं लसूणबाई. बाकीच्यांची उत्तरं पहिली पाकळी सुटायच्या आत यायची. माझ्या वेळी अख्खा गड्डा संपायचा, पण बाईंनी कधी कपाळाला आठी घातली नाही.

मला उत्तर यायचं हो! पण सावकाश यायचं. फळ्यावरचं उतरवताना ओळी एकमेकींत घुसायच्या, आणि चष्म्याचा नंबर तर काही निघत नव्हता. घरी सगळे म्हणायचे, कार्टीचं लक्षच नाही. चौथीत शाळेने आईला बोलावून सांगितलं, हिला आमच्याकडे जमणार नाही, दुसरी शाळा बघा. आई रडत बाईंकडे आली आणि तिथेच मला फैलावर घेतलं. सात आठे किती, सांग, सांग लवकर.

"आवं, तिचं उत्तर निघालंय," बाई म्हणाल्या. "तुमी मधी बोलला की ते बिचारं परत पहिल्यापासनं निघतं."

बाईंनी लसूण सोलायला घेतला. लसूण संपत आला तेव्हा मी छप्पन्न म्हणाले.

बाईंनीच आईला माझी नीट तपासणी करायला लावली. कळलं की डोळ्यांना दिसतं, पण दिसलेल्याचा अर्थ लावायला माझ्या मेंदूला वेळ लागतो. बाईंनी जुन्या लग्नपत्रिकेला एका ओळीएवढी खिडकी कापून दिली. ती पुस्तकावर सरकवत मी वाचू लागले. मग त्या मुख्याध्यापिकांसमोर जाऊन बसल्या, ते परीक्षेला जादा वेळ मिळेपर्यंत उठल्याच नाहीत. त्याच शाळेतून मी दहावी झाले. त्याआधी माझ्यासाठी असं कुणी बसलं नव्हतं.

पुढे मी ऑफिसात नोकरीला लागले, आणि गेल्या वर्षी बाईंना अर्धांगाचा झटका आला. शब्द अडू लागले. मुलगा मायेचा, पण घाईचा. त्या तोंड उघडतात तोच विचारायचा, पाणी हवंय? उशी? पंखा लावू? बाई डोळे मिटून घ्यायच्या. मला ते बघवेना. म्हटलं, दादा, जरा थांबा. स्वयंपाकघरातून लसूण आणला आणि खाटेशी बसून सोलू लागले.

बऱ्याच वेळाने बाईंचे ओठ हलले.

"ऑफिसात... थांबतात का गं... तुझ्यासाठी?"

मला लगेच उत्तर देता येईना.

बाई थांबल्या.