मेलेल्या हत्तीची मात

"रागावणार नसाल तर एक सांगतो," असं म्हणून ते काळी टोपी काढायचे, नेमकी माझ्या पुढ्यातल्या प्रुफांवर ठेवायचे आणि टोपीच्या आतल्या पट्टीतून घडी केलेला कागद बाहेर ओढायचे. मी रागावायचोच. त्यांनी विचारलं नसतं तरी रागावलो असतो.

गिरगावातल्या एका छापखान्यात मी मुद्रितशोधक होतो. आम्ही बुद्धिबळाचा एक जाडजूड संदर्भग्रंथ काढला होता. त्यात नियम होते, डावांच्या सुरुवाती होत्या आणि मुंबईत झालेले शंभरएक डाव पहिल्या चालीपासून शेवटच्या चालीपर्यंत छापले होते. पुस्तक बाजारात गेलं की मुद्रितशोधक सुटतो, अशी माझी समजूत होती. या गृहस्थांनी ती दर शनिवारी दुपारी येऊन मोडीत काढली.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, जो वाढलेल्या भातात आधी खडा शोधतो. हे माझगावच्या गोदीत कारकून होते. बोटीतून उतरलेल्या पेट्या यादीबरोबर ताडून बघायच्या, हे त्यांचं काम. तीच नजर त्यांनी आमच्या पुस्तकाला लावली होती. घरी पट मांडून ते एकेक डाव छापल्याबरहुकूम खेळत आणि घोडा उंटासारखा चालला की त्याला तिथंच पकडत.

"चूक नाही म्हणत मी," ते समजुतीनं म्हणायचे, "नजरचूक म्हणतो."

नजर माझी, तेव्हा त्यात समजूत कसली आली!

एका पानाशी मात्र ते लोण्यासारखे मऊ होत. डाव छप्पन्नावा. त्यात त्यांनी परळच्या एका विणकराला, गिरणगावात ज्याच्यासमोर कुणी टिकत नसे अशा माणसाला, हत्तीनं मात दिली होती. छापील अक्षरांत त्यांचं नाव जन्मात तेवढं एकदाच आलेलं. चाळीत आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चहाआधी ते पान दाखवलं जाई. मीही ते दहा वेळा पाहिलं होतं, आणि दहाही वेळा "वा!" म्हटलं होतं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. भिंतीभिंतीवर घोषणा, रोज मोर्चे, आणि अधूनमधून अश्रुधूर. अशाच एका शनिवारी दुपारी मोर्चा पांगल्यावर पोलीस चौकीतून छापखान्यात निरोप आला की तुमचा एक माणूस पकडलाय, ओळख पटवायला या. येताना बुद्धिबळाचं पुस्तक आणा, असंही त्यानं सांगून पाठवलं होतं.

गेलो. हे बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसले होते. हवालदार साताऱ्याकडचे, भरघोस मिशांचे. त्यांच्या हातात तो टोपीतला कागद होता.

"ह्ये काय लिवलंय?" त्यांनी मला वाचून दाखवलं. "पान अठ्ठेचाळीस, घोडा मागच्या बाजूनं आला पायजे. पान एकाहत्तर, प्यादी फुडं सरकवावी. पान नव्वद, राजा कोंडलाय, वजीर उडवावा! ह्यो वजीर कोन? म्या इचारलं तर म्हंत्यात, काळा की पांढरा!"

"मग?" हे बाकावरून म्हणाले. "दोन असतात, साहेब."

तेव्हा मंत्र्यांवर लोक कसे चिडलेले होते ते आठवा, म्हणजे हवालदारांची काय चूक, असं तुम्हीच म्हणाल. मी घाम पुसत पुस्तक पुढं केलं. म्हटलं, या छपाईतल्या चुका आहेत, वाटल्यास ताडून पाहा.

हवालदारांनी शांतपणे कपाट उघडलं आणि बुद्धिबळाचा पट काढला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सुटका आता लवकर होत नाही.

ते देशी पद्धतीनं खेळणारे. "प्यादं येकदम दोन घरं? ही चूक तुमी धरली न्हाई," असं त्यांनी पहिल्याच डावाला बजावलं. त्यावर अर्धा तास वाद झाला. मोर्चात पकडलेली दोन पोरं कोठडीच्या गजांतून चाली सुचवायला लागली. एकूण चाळीस चुका होत्या, आणि चाळीसही खऱ्या निघाल्या. मी मान खाली घालून बसलो.

मग हवालदारांनी सहज छप्पन्नावा डाव मांडला. त्यावर चुकीची खूण नव्हती. ते चाली खेळत गेले आणि एकतिसाव्या चालीला थांबले.

"आवं, ह्यो हत्ती कुठनं आला? येक हत्ती सतराव्या चालीला मेला, दुसरा तेविसाव्याला. मग मात कोन देतंय? भूत?"

मी पुस्तक ओढून घेतलं. सत्तावन्नाव्या डावाच्या शेवटच्या ओळी आमच्याकडून छप्पन्नाव्यालाही लागल्या होत्या, आणि त्या पानाच्या प्रुफावर 'ठीक' म्हणून माझी सही झाली होती. मी यांच्याकडं पाहिलं. ते टोपीची पट्टी बोटानं चाचपत होते.

"पहिल्याच दिवशी दिसलं होतं मला," ते म्हणाले. "मी हरलो होतो."

कोठडीतल्या पोरांनी गजांतून बाहेर काढलेले हात आत घेतले.

"ऱ्हाऊ द्या की," हवालदार हळूच म्हणाले. "कोन बघतंय?"

मीही म्हटलं, राहू द्या. माझी नोकरी ज्यावर चालते तेच मी विसरलो, इतका मला त्या माणसाचा कळवळा आला.

"तो परळला बघत असेल ना," ते म्हणाले. "जिंकलेला माणूस, पुस्तकात हरून बसलाय." त्यांनी हवालदारांकडून पेन्सिल मागून घेतली आणि यादीच्या तळाशी एक्केचाळिसावी चूक लिहिली. अक्षर नेहमीपेक्षा जरा मोठं आलं.

शुद्धिपत्र छापलं गेलं. परळच्या विणकराला त्याची प्रत ते स्वतः देऊन आले. शनिवार चालूच राहिले. पुढं राज्य झालं, मुंबईसह झालं. आमची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा मात्र ती पाहायला ते नव्हते.

नवी प्रत घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी ती कपाळाला लावून बाजूला ठेवली आणि फडताळातून जुनी काढली. छप्पन्नावा डाव आपोआप उघडला.

"हे बघा, एवढ्या मोठ्या खेळाडूला हरवलं ह्यांनी," त्या म्हणाल्या. "आणि शेवटपर्यंत सगळ्या चाळीला सांगत फिरले, मी हरलो, मी हरलो. छापलेलं समोर आहे, तरी! कुणी खरं मानलं नाही. इतका साधा माणूस हो."

मी त्या ओळी वाचल्या. मेलेला हत्ती जागेवरच उभा होता.

"फार सुंदर मात होती, वहिनी," मी म्हणालो.