कढईवरचं झाकण

आमच्या देवासच्या शाळेत कॉम्प्युटर आले, तेव्हा त्या खोलीत चपला काढून जायचं असा नियम निघाला. चार मशिनी, एकेकीपुढे सहा-सात पोरी. इंदूरच्या भाचीने मला सीडीवर एक खेळ दिला होता. वाळू, लाकूड, पाणी, तेल, आग, हवं ते पडद्यावर ओतायचं आणि पुढे काय होतं ते बघायचं. आठवीला ज्वलन या खेळावरच शिकवायचं, असं मी ठरवलं. मुख्याध्यापिकांनी नाक मुरडलं, मग तर नक्कीच.

लाकडाची आग पाण्याने विझली. पोरी खूश, मी त्याहून खूश.

शेवटच्या मशिनीवर एका मराठी घरातल्या मुलीने कढई रेखाटली होती. तिच्यात तेल, तेलाला आग, वरून पाणी. आग कढईबाहेर पसरली. तिने सगळं पुसलं, पुन्हा कढई काढली, या वेळी दुप्पट पाणी. मग त्याहून जास्त. दर वेळी आग मोठीच होत गेली.

मला आयतंच उदाहरण मिळालं. सगळ्यांना तिच्यामागे उभं केलं.

"देखो, तेल पानी से हल्का है। जलता तेल ऊपर तैरेगा और फैलेगा। पानी डालोगे तो घर जलेगा।"

मग कढईवर एक आडवी रेघ ओढून झाकण घातलं. आग विझली. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

ती मुलगी वळली. माझ्याशी ती मराठीतच बोलायची.

"पण मॅडम, सहावीत तुम्हीच सांगितलं होतं, आग लगे तो पानी डालो."

"सांगितलं असेल. का गं?"

"त्या दिवाळीत चकल्यांच्या तेलाने पेट घेतला. आई झाकण ढूंढ रही थी. मी बालटी ओतली."

मी हादरले. तिच्या आईला मी ओळखत होते. चैत्रातल्या हळदीकुंकवाला, भर उन्हाळ्यात, पूर्ण बाह्यांचं ब्लाउज. 'थंडी वाजते का हो?' असं मी तिला चिडवलंही होतं. ती नुसती हसली होती.

सहावीत ते वाक्य मी अख्ख्या वर्गाकडून तीनदा म्हणवून घेतलं होतं. तेव्हा तेल माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

मुलगी अजून पडद्यावरच्या झाकणाकडे बघत होती.

"आई तर अजून म्हणते, तू बरोबरच केलंस, फक्त पाणी कमी पडलं."