'बी' बटणावरची बाई

माझ्या भावाबद्दल कुणाला चांगलं लिहून हवं असेल, तर त्यांनी दुसरीकडे विचारावं. नॉर्मन मेचिनला मी जन्मापासून ओळखते, आणि त्यातली बरीचशी वर्षं मी त्याच्यावर चिडलेली आहे. सख्खा भाऊ आहे, वयाने मोठा आहे, हे मला माहीत आहे. तरीही.

इंग्लंडातल्या बर्स्लेम गावी एका कपबश्यांच्या कारखान्यात तो भट्टीवरचा मुकादम होता. हाताखाली बारा माणसं. तो ओरडला की ती धावायची, आणि आपल्यात काहीतरी आहे म्हणूनच धावतात असं त्याला वाटायचं. कारखाना बंद पडला तेव्हा ओरडायला एकच माणूस उरलं, त्याची बायको. एव्हिस त्याच कारखान्यात बश्यांच्या कडेला सोनेरी रेघ ओढायची. वीस वर्षांत तिची रेघ कधी हलली नाही. बोलायला मात्र ती फार कमी. आमच्या घरात कमी बोलणारी माणसं कायम मागे पडली आहेत.

मग टीव्हीवर कोण काय बघतं ते मोजणाऱ्या कंपनीने यांचं घर निवडलं. टीव्हीपाशी एक डबा बसवला आणि एक वेगळा रिमोट दिला. खोलीत येऊन बसलं की आपलं बटण दाबायचं, उठताना पुन्हा दाबायचं. 'ए' नॉर्मनचं, 'बी' एव्हिसचं. पाहुण्यांसाठी निराळं बटण होतं, ते दाबलं की वय सांगावं लागायचं. मी दर वेळी बावन्न सांगायचे. निवडलेल्या प्रत्येक माणसामागे देशातली साधारण पाच हजार माणसं धरायची, असा त्यांचा हिशेब. ही गोष्ट बाहेर बोलायची नाही असं बजावलं होतं. नॉर्मनने ती पहिल्याच शनिवारी बोलिंग क्लबात सगळ्यांना सांगितली.

"मी चॅनल बदललं की पाच हजार माणसं बदलतात, बेरिल," तो मला म्हणाला.

"तुझ्याबरोबर पाच हजार माणसं? अरेरे, बिचारी."

"तुला जळायला काय होतं?"

त्याला टीव्हीवर लागायचे रणगाडे. सकाळी रणगाडे, संध्याकाळी रणगाडे, मध्ये पोलिसांच्या गाड्या. एव्हिसच्या वाट्याला दुपारचा अर्धा तास यायचा. जेवण झालं की नॉर्मन आरामखुर्चीत पेंगायचा, तेव्हा ती एका बारक्या चॅनलवर कालव्याचा कार्यक्रम लावायची. एक म्हातारा आणि एक कुत्री कालव्याच्या काठाने चालतात. होडी येते, पाणी अडवणारे दरवाजे उघडतात, पाणी चढतं, होडी जाते. बस्स. मला तर दहा मिनिटांत झोप लागली. त्यात तुला एवढं काय आवडतं, असं मी तिला विचारलं.

"कुणी ओरडत नाही गं त्यात," ती म्हणाली.

दर सोमवारी आम्ही दोघी वाचनालयात जायचो. तिथल्या कॉम्प्युटरवर चॅनलांचे आठवड्याचे आकडे दिसतात, हे तिला तिथल्या बाईने दाखवलं. प्रत्येक चॅनलचे पहिले दहा कार्यक्रम, पुढे किती हजार बघणारे. त्या बारक्या चॅनलच्या यादीत कालवा सातवा होता. अकरा हजार.

एव्हिसने पडद्यावर बोट टेकवलं. "बेरिल, यातले पाच मी आहे."

"पाच हजार?"

"पाच हजार. मी उठून गेले तर हा कार्यक्रम यादीतून पडेल."

इतकं ताठ बसलेलं मी तिला लग्नातही पाहिलं नव्हतं. त्यानंतर दर सोमवारी आधी कालवा, मग पुस्तकं. पण एका रविवारी, चहाच्या वेळी, तिने ते नॉर्मनसमोर बोलून दाखवलं. चूक तिची एवढीच.

नॉर्मनचा घास तोंडातच थांबला. "तुझ्यामुळे चालतं होय ते? बरं बरं. मोठी माणसं राहतात आमच्या घरात."

दुसऱ्या दिवसापासून तो रिमोट त्याच्या खुर्चीच्या हातावर गेला. "तुझे गुडघे दुखतात. सारखी उठबस कशाला? तुझं बटण मीच दाबत जाईन," असं त्याने तिला सांगितलं. आणि मी मूर्ख, उतारवयात माणूस निवळतो असं एव्हिसला म्हणाले. ते वाक्य मला आजही परत घ्यायचं आहे.

फेब्रुवारीत कालव्याचे अकराचे सहा झाले. मार्चमध्ये तो पहिल्या दहात नव्हता. एव्हिस रोज तीन वाजता नेमाने बसत होती, एक दिवसही चुकली नाही, आणि दर सोमवारी यादी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचत होती. जूनमध्ये चॅनलने कार्यक्रम बंद केला आणि त्या जागी अंगठ्या विकायला सुरुवात केली.

"लोकांना कंटाळा आला असेल," ती म्हणाली. त्या दिवशी तिने ताटाला हात लावला नाही.

"येणारच," नॉर्मन म्हणाला. "पाण्यात बघण्यासारखं काय असतं? जगाला जे नको ते तुलाच बरं आवडतं." आणि तिच्या ताटातलं बेकन उचलून खाल्लं. मी समोर बसले होते.

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी नॉर्मन बोलिंगला गेला होता आणि आम्ही दोघी चीज घालून ओटकेक, म्हणजे ओटच्या पिठाची धिरडी, खात होतो. फोन वाजला. एव्हिसला कमी ऐकू येतं म्हणून तिचा फोन मोठ्या आवाजावर असतो, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. त्या कंपनीतली मुलगी होती.

"मिस्टर मेचिन आहेत का?"

"बाहेर गेलेत. मी मिसेस मेचिन."

मुलीने लगेच आवाज गोड केला. "अरे वा, लग्नाबद्दल अभिनंदन! म्हणजे तुमची नावनोंदणी नव्याने करावी लागेल."

"नव्याने? मी एकेचाळीस वर्षं आहे इथे."

"माफ करा हं, पण आमच्याकडे लिहिलंय की मिसेस मेचिन मार्चपासून त्या घरात राहत नाहीत. 'बी' बटण कित्येक आठवडे कुणी दाबतच नव्हतं, म्हणून आम्ही विचारायला फोन केला होता. मिस्टर मेचिननी सांगितलं, त्या गेल्या."

एव्हिसने हातातला ओटकेक ताटलीत ठेवला. "कुणी दाबत नव्हतं? एकदाही?"

"एकदाही नाही."

ती त्या आरामखुर्चीकडे बघत राहिली. माझ्या तोंडात भावासाठी जे जे शब्द आले ते मी बोलून टाकले, त्यातले निम्मे त्या मुलीलाही ऐकू गेले असणार. रोज दुपारी बायकोच्या शेजारी बसून तिला पुसून टाकत होता हा माणूस. वर तिचंच बेकन खात होता.

"काही चूक झाली असेल तर मी आत्ता दुरुस्त करते," मुलगी घाबरून म्हणाली. "तुम्ही तिथेच राहता ना?"

एव्हिसने आरामखुर्चीकडे पाठ केली.

"तारीख चुकली आहे," ती म्हणाली. "मार्च नाही. आजची घाला."

"मला कळलं नाही, मिसेस मेचिन."

"मिसेस मेचिन आजपासून या घरात राहत नाहीत. लिहिलंत? आता वाचून दाखवा."

मुलीने वाचून दाखवलं. एव्हिस "बरोबर" म्हणाली, ओटकेक संपवला, ताटली धुऊन ठेवली आणि वर जाऊन दोन बॅगा भरल्या. आम्ही टन्स्टॉलला माझ्या घरी आलो.

साडेपाचला नॉर्मनचा फोन. "बेरिल, एव्हिस तुझ्याकडे आहे का गं? टेबलावर काहीच नाही."

"मार्चपासून राहत नाही म्हणे ती तुझ्याकडे," मी म्हटलं. "मग सहा महिने कुणाच्या हातचं गिळत होतास, नॉर्मन?"

एव्हिसने माझ्या हातातून फोन घेतला आणि खाली ठेवला.