मंगलच्या पदरातली हळद

माझी धाकटी जाऊ मंगल पदराच्या टोकाला हळदीची पुडी बांधून हिंडायची. टँकरचं असो की हापशाचं, नवं पाणी दिसलं की वाटीत घ्यायची, चिमूटभर हळद टाकायची आणि डोळे बारीक करून बघत बसायची. लग्न होऊन आली तेव्हा मला वाटलं, ही करणीबिरणी करते की काय! तर बाईसाहेब परळीच्या कॉलेजात बारावी सायन्स झालेल्या. सासूबाई चारचौघींत सांगायच्या, "आमची धाकली लई शिकल्याली हाय." थोरलीचं नाव काढायचं कारणच नव्हतं.

तरी माझ्याकडे एक गोष्ट होती. कडा गावाजवळच्या आमच्या खेड्यात बायकांची पापडाची सहकारी संस्था होती आणि तिथं पीठ मी भिजवायचे. मीठ किती, पापडखार किती, सगळं माझ्या मुठीत. माझ्या हाताचा पापड कढईभर फुलायचा. गावानं मला तेवढा एकच मान दिला होता आणि तो मी कुणाला शिवू देत नव्हते.

मग तो दुष्काळ आला. निम्मं गाव उसतोडीला गेलं, विहीर आटली आणि टँकर कुठल्या तरी बोअरचं पाणी आणून ओतू लागला. त्या पाण्यात भिजवलेले पापड तळले की लाल व्हायचे, जिभेला कडू लागायचे. परळीच्या व्यापाऱ्यानं सगळा माल परत पाठवला. अध्यक्षबाई म्हणाल्या, "काकू, तुमचा हात बिघडला बगा. आता दुसरीला भिजवू द्या."

तेवढ्यात मंगल दोन वाट्या घेऊन पुढं! एकीत सासूबाईंनी देवासाठी राखलेलं विहिरीचं पाणी, दुसरीत टँकरचं. दोन्हींत हळद टाकली. पहिलं पिवळंच राहिलं, दुसरं तांबूस झालं.

"ह्या पाण्यातच खार हाय," ती म्हणाली. "जाऊबाई नेहमीइतकाच टाकत्यात, पर आता तो जास्त होतोय. खार म्हंजी आम्लारी. त्यानं हळद लाल होती." मग तांबूस वाटीत लिंबू पिळलं. पाणी पुन्हा पिवळं! बायका "अगं बया!" म्हणून ओरडल्या. "लिंबू आम्ल हाय. आम्ल आन् आम्लारी भेटले की दोघांचा बी जोर जातो. उरतं ते क्षार आन् पाणी."

हे तिचं ठेवणीतलं वाक्य. घरात आमचं वाजलं की हेच ऐकवायची. मी विचारायचे, "मंग आपल्या दोघीत आंबट कोण गं?" आणि ती पोट धरून हसायची.

खार कमी केला आणि पापड पुन्हा पांढरे फुलले. "आता पीठ मंगललाच भिजवू द्या," अध्यक्षबाई म्हणाल्या. तर ही म्हणते कशी, "न्हाई बाई. खार किती ते मी सांगते, पर पीठ जाऊबाईंच्याच हाताचं." सगळ्या तिच्यावर आणखीच खूश! माझा नुसता जळफळाट झाला. मान राहिला, पण तो तिनं दिलेला. एवढं चांगलं वागायचं काय अडलं होतं तिचं? भांडली असती तर मला मोकळेपणानं दुस्वास तरी करता आला असता.

पुढं पाऊस झाला, विहीर भरली. मंगल मात्र काही वर्षांनी तापाचं निमित्त होऊन गेली. दहाव्याला बायका तिच्या आठवणी काढून रडत होत्या आणि मला त्याही वेळी वाटलं, माझ्यामागं इतक्या रडतील का?

परवा पीठ भिजवण्याआधी मी वाटीतल्या पाण्यात हळद टाकत होते. विहिरीचं पाणी गोडं आहे, गरज नाही, तरी टाकते. संस्थेत नव्यानं आलेली एक सून जवळ येऊन म्हणाली, "काकू, ही युक्ती तुमची का? लई भारी हाय."

आसपास मंगलला पाहिलेलं कुणीच नव्हतं. हो म्हटलं असतं तर खपून गेलं असतं.

"माझी कुठली?" मी खेकसले. "माझ्या जावेची हाय. मंगल नाव तिचं. गेली, तरी माझ्या एक पाऊल पुढंच हाय बया!"