अक्कांच्या फुंकरीचा आकडा

सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. गोंदियाकडून लग्न होऊन सोलापुरात आले, तेव्हा विडीवाल्या बायकांच्या छातीचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टर बाईंनी दाखला न मागता मला वहीपेनाच्या कामावर घेतलं. त्यांचे उपकार विसरणार नाही. म्हणूनच त्यांची धास्तीही जास्त.

काम असं: विड्या वळणाऱ्या ठरलेल्या बायकांच्या घरी दर तीन महिन्यांनी जायचं, नळीत फुंकायला लावायचं, काटा थांबेल तो आकडा लिहायचा. वर्षानुवर्षं त्याच बायका. त्यांचा दम कमी होतो का, ते बाईंना बघायचं होतं.

त्यातल्या एक अक्का म्हणायच्या, "चूल फुंकण्यात जन्म गेला, आता ही पुंगी! काय निघणार हाय गं हितनं?" आणि फुंकायच्या.

एका फेरीला त्या घरी नव्हत्या. जाऊबाई म्हणाल्या, "अक्कलकोटला, लेकीकडं गेल्यात. ठणठणीत हायेत की." शाळेत कोरी जागा सोडली की मार बसायचा, मी मागचाच आकडा लिहून टाकला. मग आणखी चार-पाच घरांचं तसंच केलं.

पुढे कळलं, दम लागून अक्कांचं विड्या वळणंच सुटलं होतं, म्हणून त्या लेकीकडं गेल्या होत्या. माझ्या वहीत मात्र त्या ठणठणीत! काम जाणार हे धरूनच बाईंना सांगितलं.

"अहो, ज्या सापडत नाहीत, त्यांतल्या कितीतरी दम लागतो म्हणूनच सापडत नाहीत," बाई म्हणाल्या. "जुना आकडा लिहिलात की त्यांचा आजारच दिसत नाही. कोरं ठेवायचं. नंतर आम्ही कॉम्प्युटरवर भरतो."

"म्हणजे तुम्ही पण मनानंच भरता का जी?"

बाई हसल्या. "मनानं नाही. वय, आधीचे आकडे, न येण्याचं कारण, सगळं बघून. आणि एकदा नाही, वीस-वीसदा, दर वेळी वेगळा. म्हणजे आपल्याला किती ठाऊक नाही, तेही कळतं."

मी एकदा भरला तर खोटा, त्यांनी वीसदा भरला तर शास्त्र? अजून नीट उमगलेलं नाही.

काम गेलं नाही. मी मनानं भरलेल्या आकड्यांवर रेघ मारून शेजारी कारण लिहायला सांगितलं. अक्कांच्याच एका आकड्याशी अडले. उन्हाळ्यातला, आधीच्याइतकाच. त्यांनी खरंच फुंकलं होतं, की मीच लिहिला होता? आठवेना. त्यांना फोन लावला.

"मला काय... म्हाईत गं?" अक्का मधेच थांबल्या. "लिवणारी... तू."

मी रेघ मारली.