रिकामी फेरी

माझ्या भाऊजींनी उभं आयुष्य बस चालवण्यात घालवलं, आणि तेही एकाच रस्त्यावर. अशा माणसाला दुतर्फा बघत राहण्याशिवाय दुसरी करमणूक नसते. त्यांनी वर्षानुवर्षं लोकांची शेतं बघितली, आणि निवृत्त झाल्यावर स्वतःही जमिनीचा एक तुकडा घेऊन मोकळे झाले. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे विहीर आणि खाली उतरत गेलेलं रान. ताईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, विचारलं होतं का? विचारलं होतं ना. सह्या करून घरी आल्यावर.

ताईने आधी अबोला धरला, मग आदळआपट केली, आणि मग आमच्या डोळ्यांदेखत ती त्या जागेत अशी रुजली की भाऊजी परवडले.

भाऊजींच्या योजना म्हणजे काठ्या. जुन्या पडद्यांच्या चिंध्या काठीला बांधायच्या आणि जिथे जे करायचं तिथे ती काठी रोवायची. लाल म्हणजे पेरू, निळी म्हणजे तळं, पिवळी म्हणजे मधमाश्यांच्या पेट्या. पांढरी होती पाहुण्यांच्या खोलीची. लांबून बघणाऱ्याला इथे कसली तरी शर्यत भरणार आहे असंच वाटलं असतं. त्यातलं निम्मं खरंच उभं राहिलं. पेरू लागले, कोंबड्या आल्या. तळ्याचा खड्डा झाला आणि त्यात पाणी सोडून बाकी सगळं साचलं. भाजीचे वाफे विहिरीपासून इतके लांब काढले होते की पाइप ओढता ओढता दोघांच्या नाकी नऊ यायचे. मी दर रविवारी जायची, तेव्हा दोघंही चेहरे ओढलेले, बोलायला त्राण नाही अशी भेटायची. म्हातारपणी निवांत बसायला म्हणून घेतलेली जागा, आणि तिथे बसायला कोणाला सवड नव्हती.

मग भाऊजींचं हृदय कुरकुरायला लागलं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. बादली उचलायची नाही, कुदळीला हात लावायचा नाही आणि फार लांबचे बेत आखायचे नाहीत, असं सांगितलं. शहरातल्या मुलाने फोनवर धोशा लावला, जागा विका आणि आमच्याकडे या. निदान बाबांच्या मागे आईने तरी तिथे एकटीने राहायचं नाही. ताई म्हणाली, "तुझ्याकडे टीव्हीसमोर बसून मरण्यापेक्षा मी इथे वाफ्यात मरेन." मग मुलाने मला मध्ये घातलं. मावशी, तू तिला समजाव. मी हो हो म्हटलं. माझ्या बहिणीला आजवर कोणी समजावू शकलं असतं तर तिने बस ड्रायव्हरशी लग्नच केलं नसतं.

पुढच्या रविवारी मी गेले, तर भाऊजी पडवीत खुर्ची टाकून पाय लांब करून बसलेले. खाली ताई एकटी पाइप ओढत होती, गुडघ्यापर्यंत चिखल. तेवढ्यात कोंबड्या खुराड्यातून बाहेर पडल्या. जाळीचं दार भाऊजींच्या हाताशी होतं, नुसतं लोटायचं. पण हे गृहस्थ ढिम्म. ताई उतारावरून धापा टाकत वर आली, कोंबड्यांमागे पळाली, दार लावलं आणि यांच्याकडे न बघता परत खाली गेली. माझं डोकंच फिरलं.

"भाऊजी, डॉक्टरांनी ओझं उचलू नका म्हटलंय. दार लोटू नका असं म्हटलेलं नाही!"

"मी इथे नाहीये," भाऊजी म्हणाले.

"म्हणजे काय?"

"म्हणजे गेलोय असं धर."

मी हातातली पिशवी खाली आपटली.

"हे बघ मेव्हणीबाई," ते म्हणाले, "नव्या रस्त्यावर गाडी सुरू करायच्या आधी आम्ही एक रिकामी फेरी मारायचो. प्रवासी नाहीत, कंडक्टर नाही. वळण कुठे नडतं, चढावर गाडी कुठे बसते, ते आधी कळून येतं. तुझी बहीण माझ्यामागे इथेच राहणार म्हणते ना? मग हा आठवडा ती एकटी. मी हात लावायचा नाही, हाक मारायची नाही, जेवायचं सुद्धा वेगळं. संध्याकाळपर्यंत तिच्याच्याने जे होणार नाही ते उपटून टाकायचं. उरेल तेवढी तिची जागा."

"आणि ताई तयार झाली?"

"अट तिनेच घातली. हे जमलं तर मुलाकडे जायचा विषय पुन्हा काढायचा नाही. नाही जमलं तर सामान बांधायचं."

असल्या गोष्टीची कोणी रंगीत तालीम करतं का! मला त्यांचा राग आला, रडूही आलं, आणि दोन्ही गिळून मी दुकानात फोन केला. मी औषधाच्या दुकानात काउंटरवर असते. आठवडाभराची रजा टाकली आणि राहिले. मदत करायची मला बंदी होती. फक्त बघायचं, जेवायलाही तिच्याबरोबर बसायचं नाही.

रोज संध्याकाळी भाऊजी खुर्चीतून उठायचे आणि रानात चक्कर मारून काठ्या उपटायचे. पहिल्यांदा तळं गेलं, त्याचं कोणालाच सुतक नव्हतं. मग मधमाश्या गेल्या. मग उताराच्या टोकाचे पेरू पाण्याविना सोडून दिले, जगले तर जगले. वाफे विहिरीच्या अंगाला आले आणि पाइप निम्मा झाला. काठ्या चुलीपाशी येऊन पडायच्या आणि दुसऱ्या दिवशी ताई त्या पाणी तापवायला लावायची. पांढरी काठी मात्र तिने स्वतः जाऊन उपटून आणली.

"पोरगा आला तर पडवीत झोपेल," ती म्हणाली. "यायचंच असेल तर."

भाऊजींनी खुराड्याकडे नजर टाकली, तशी ती उसळली. "कोंबड्यांना हात लावून तर बघा!"

"मी नाहीच आहे, हात कुठून लावू?"

त्या आठवड्यात ताई तेवढी एकदाच हसली.

आणि खरंच, आठवडा सरता सरता जागा तिच्या आवाक्यात आली. चार वाफे, दाराजवळची पेरूची झाडं, एक लिंबू, कोंबड्या. शेवटच्या दिवशी दुपारीच सगळं उरकून ती पायरीवर टेकली, हात मांडीवर टाकून. भाऊजींचा चेहरा उजळला. "लागली गाडी रस्त्याला," ते मला हळूच म्हणाले आणि पाणी प्यायला आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत म्हणून मी आत डोकावले.

ते ओट्यापाशी उभे होते, हातात झाकण. समोर ताईचं ताट तसंच होतं. वाढलेलं, गार झालेलं, न शिवलेलं.

"आजचंच असं, की रोज?" त्यांनी विचारलं.

"रोज," मी म्हटलं. "झाकून ठेवते आणि संध्याकाळी कोंबड्यांना घालते. विचारलं तर म्हणते, भूक नव्हती."

संध्याकाळपर्यंत होणार नाही ते उपटायचं, हा नियम त्यांचा स्वतःचा. भाऊजींनी झाकण परत ठेवलं.

"आता हे कुठून उपटू?" ते म्हणाले.

मला उत्तर ठाऊक होतं. माझा नवरा गेल्यापासून मी जेवायला बसलेली नाही. ओट्यापाशी उभ्या उभ्या, पातेल्यातूनच दोन घास खाते आणि हात धुते. एका माणसासाठी ताट घ्यायचा कंटाळा येतो. तो कंटाळा भुकेपेक्षा मोठा असतो, हे कोणी न सांगता कळतं.

"तुझं दुकान दुपारी कधी सुटतं?" भाऊजींनी विचारलं.

"जेवायच्या वेळेला. परत संध्याकाळी उघडतं."

"दुपारची गाडी फाट्यावर थांबते. हात केला की थांबतेच, मी चालवायचो ना ती." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "रोज नको. पण येत जा. मी असेन तेव्हाही, आणि मग तर येच."

"मी काय तुमची काठी आहे, हवी तिथे रोवायला?" मी फणकारले. पण ताईचं ताट उचलून त्यांच्या हातात दिलं. "येईन," मी म्हटलं.

भाऊजींनी ताईच्या ताटातलं अन्न पातेल्यातल्या उरलेल्यात घालून गरम केलं. तीन ताटं घेतली आणि पडवीत आणून मांडली. ताई पायरीवरून वळून बघत होती, चिखलाचे हात तसेच.

"अहो, तुम्ही नाही आहात ना?"

"आज आहे," भाऊजी म्हणाले. "हात धुऊन ये आणि वाढ."